जिप्सीच्या आसनातील ऊब

बदलीच्या आदेशात ‘लेह’ हे दोन अक्षरी नाव वाचले, त्या दिवशी सांगलीत पारा ३९ अंशांवर होता. घरातील पंखा गरम वारा फेकत होता आणि शेजारचे काका सांगत होते, “भाग्यवान आहात! उन्हाळ्याचा त्रासच मिटला.” २०२२ च्या ऑगस्टमध्ये मी शाखेत रुजू झालो, तेव्हा लेहमध्ये जर्दाळू पिकले होते, हवा आल्हाददायक होती, आणि काकांचे म्हणणे खरे ठरले असे मलाही वाटले. नोव्हेंबर उजाडला आणि तो समज गळून पडला.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील या शहरात जानेवारीच्या पहाटे उणे १५ अंश तापमान ही बातमी नसते. नळाचे पाणी गोठते, शाईचे पेन लिहीत नाही आणि मोटारगाडी हे वाहन न राहता एक लहानसे शीतगृह होते. शाखेच्या कामासाठी मला गावोगावी जावे लागे. कुठे महिला बचतगटाची कर्जपाहणी, कुठे जर्दाळू सुकविण्याच्या प्रकल्पाची तपासणी, कुठे पश्मिना मेंढपाळांची किसान क्रेडिट कार्डे. म्हणून सप्टेंबरमध्येच मी एका स्थानिक गृहस्थाकडून २०१२ सालची मारुती जिप्सी विकत घेतली होती. १९८५ साली भारतात आलेली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेली ही गाडी डोंगराळ भागात आजही मानाने वावरते. शिडीसारखी मजबूत सांगाडा-चौकट, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, हाताने जोडता येणारी चारचाकी ओढ आणि १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन. पेट्रोलचा येथे फायदा असा की कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून नळ्या तुंबतात, तशी भीती यात नसते. (लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले, त्यामागचे कारण हेच.)

परंतु जिप्सीचे छत कापडी आणि आसने रेक्झिनची. पहाटे त्या रेक्झिनवर बसणे म्हणजे बर्फाच्या लादीवर बसणे. गाडीतील हीटर इंजिनाच्या तापलेल्या पाण्यावर चालतो. अशा थंडीत ते पाणी तापायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि तापल्यावरही ती ऊब कापडी छताच्या फटींतून सिंधू नदीच्या दिशेने निघून जाते. माझ्यासोबत बहुतेक वेळा आमचे मुख्य रोखपाल असत. ते लडाखी, वयाने पन्नाशी ओलांडलेले. येथील रीतीप्रमाणे थोरल्या भावाला ‘आचो’ म्हणतात आणि आदरार्थी ‘ले’ जोडतात. म्हणून शाखेत सर्वांचे ते ‘आचो-ले’. त्यांना मणक्याचा जुना त्रास होता. गार आसनावर तासभर बसले की खाली उतरताना त्यांना गाडीचे दार धरून दोन मिनिटे उभे राहावे लागे. ते तक्रार करीत नसत. पण मला ते पाहवत नसे. तेव्हाच ‘तापणारी आसने’ ही कल्पना माझ्या डोक्यात शिरली.

ही कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेत कॅडिलॅकने १९६६ मध्ये तापणारे आसन ऐच्छिक सुविधा म्हणून दिले. स्वीडनच्या साबने १९७१ मध्ये चालकाच्या आसनात ते मुळातूनच बसविण्यास सुरुवात केली. आपल्या देशात उलट मागणी. येथे गार वारा सोडणाऱ्या आसनांची जाहिरात होते. मात्र बाहेरून बसविता येणारे संच बाजारात मिळतात. दोन आसनांसाठी चार ताप-पट्ट्या, दोन स्विच, एक रिले, फ्यूज आणि तारांचा गुंता असा एक खोका मी सुमारे चार हजार रुपयांत मागविला. पट्टी म्हणजे नमद्यासारख्या कापडात बसविलेले कार्बन तंतूंचे जाळे. तंतूंतून वीज गेली की ते तापतात, आणि ठरावीक तापमानाला एक छोटा थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो.

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर. ओहमचा नियम शाळेत शिकलो तो परीक्षेपुरता. परंतु आकड्यांचे भय नसल्याने मल्टिमीटर घेऊन बसलो. प्रत्येक पट्टीचा रोध ६ ओहम आला. इंजिन चालू असताना गाडीतील विजेचा दाब साधारण १३.५ व्होल्ट असतो. ‘जास्त’ या खुणेवर एका आसनाच्या दोन्ही पट्ट्या समांतर जोडल्या जातात. प्रत्येकीतून सव्वादोन अँपिअर, म्हणजे आसनास साडेचार अँपिअर आणि साधारण ६० वॅट. ‘कमी’ या खुणेवर स्विच त्याच दोन पट्ट्या एकीपुढे एक, म्हणजे मालिकेत जोडतो. रोध १२ ओहम होतो, प्रवाह जेमतेम सव्वा अँपिअरच्या आत आणि शक्ती १५ वॅट. जोडणीची पद्धत बदलताच उष्णता एक चतुर्थांशावर येते, हे गणित कागदावर जमले तेव्हा मला ताळेबंद जुळल्याचा आनंद झाला. या चौथाईचे महत्त्व मला पुढे निराळ्याच तऱ्हेने समजायचे होते.

दोन्ही आसने ‘जास्त’वर म्हणजे ९ अँपिअर. एवढा खर्च गाडीच्या उत्पन्नात बसतो काय? गाडीचे उत्पन्न म्हणजे आल्टर्नेटर, आणि बॅटरी ही केवळ ठेव. समोरचे दोन दिवे साधारण ९ अँपिअर घेतात, हीटरचा पंखा, वायपर, इंधनपंप आणि ठिणगीची यंत्रणा आपापला वाटा उचलतात. इंजिन रस्त्यावर फिरत असताना उत्पन्न पुरते. पण ते संथ फिरत उभे असताना आल्टर्नेटर नावावरील क्षमतेच्या बराच खाली काम करतो. मी प्रत्यक्ष मोजले. दिवे, पंखा आणि दोन्ही आसने चालू ठेवून गाडी उभी केली, तेव्हा बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ठेव मोडून घरखर्च चालला होता. इंजिनाची गती वाढविताच तोच आकडा १३.९ झाला.

ठेव मोडण्याची ही सवय लेहमध्ये सांगलीपेक्षा कितीतरी महाग पडते. शिसे-आम्लाची बॅटरी उणे १८ अंशांना आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच वीज देऊ शकते. शिवाय पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत ते बहुतांशी पाणीच उरते आणि उणे १० अंशांच्या आगेमागे गोठते. खोके फुटते. म्हणून किल्ली काढली की आसनांचा पुरवठा आपोआप तुटलाच पाहिजे, हा माझा पहिला नियम ठरला.

नियम ठरला, पण अंमलबजावणीत मी आळस केला. संचात रिले होता. तो बसविण्यासाठी बॅटरीपासून नवी तार ओढावी लागली असती. त्याऐवजी मी सिगारेट-लायटरच्या तारेवरच आसने जोडली. किल्ली बंद झाली की तीही बंद होत असे, मग आणखी काय हवे? एका रविवारी दुपारी काम उरकले. आसने तापली. आचो-लेंनी हात लावून पाहिले आणि ते मनापासून हसले. तो आठवडा मी शाखेत स्वतःवर खूश होऊन वावरलो.

पुढल्या आठवड्यात निम्मूला जाताना धुके होते, म्हणून खालचे पिवळे दिवे लावले आणि क्षणात आसने व दिवे दोन्ही गेले. फ्यूज उडाला होता. तो १५ अँपिअरचा. खिशात ३० चा होता, तोच लावला. सगळे पुन्हा सुरू झाले. विजेच्या कामातील हे सर्वात मोठे पाप आहे, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ऐकून होतो. थंडी होती, उशीर होत होता, आणि “आजच्यापुरते” हा शब्द मी मनाशी उच्चारला.

वीस मिनिटांनी, चुंबकीय टेकडी म्हणून प्रवासी ज्या जागी थांबतात तिच्या जवळ, डॅशबोर्डाखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि पाठोपाठ पांढरा धूर. गाडी कडेला घेऊन किल्ली काढली, बॉनेट उघडले आणि बॅटरीचे टर्मिनल सोडविले. पान्याने बोट सोलले ते नंतर कळले. आचो-ले तोवर खाली उतरून रस्त्याकडेची मूठभर रेती घेऊन तयार उभे होते. ज्वाळा नव्हती. धूर विरला. दोघेही गाडीबाहेर, अंगावरच्या कपड्यानिशी, वारा घेत उभे होतो. कापडी छताची गाडी पेटली असती तर त्या रस्त्यावर, त्या थंडीत, आमच्याकडे आसरा नव्हता. आचो-ले शांतपणे म्हणाले, “सर-ले, कर्जदार हप्ता भरू शकत नसेल तर आपण त्याची मर्यादा दुप्पट करतो का?”

त्यांच्या या प्रश्नात फ्यूजचे सगळे शास्त्र होते. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी नसतो, तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार जेवढे वाहून नेऊ शकते त्याच्या आत फ्यूज वितळलाच पाहिजे. नंतर डॅशबोर्ड खोलून पाहिले, तेव्हा आधीच्या मालकांपैकी कोणीतरी ते पिवळे दिवे त्याच बारीक तारेवर पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळून जोडलेले आढळले. दोन दिवे ९ अँपिअर आणि आसने ९. त्या बिचाऱ्या तारेवर अठरा अँपिअरचा बोजा मी लादला होता, आणि तिच्या वतीने नाही म्हणणाऱ्या पहारेकऱ्यालाही मीच दूर केले होते.

त्यानंतरचे काम मी पहिल्यापासून केले, आणि ते सविस्तर सांगतो. कारण जिप्सी असो, थार असो वा अन्य कोणतीही रांगडी गाडी, पद्धत फारशी बदलत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. बॅटरीच्या धन टर्मिनलवरून अडीच चौरस मिलिमीटर जाडीची नवी तांब्याची तार घ्यावी आणि टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवावा. फ्यूजच्या अलीकडचा तारेचा तुकडा बेवारस असतो. तो घासून पत्र्याला टेकला तर त्याला वाचविणारे कोणी नाही. म्हणून तो जितका आखूड तितका बरा. आमच्या ९ अँपिअरसाठी १५ चा फ्यूज पुरतो आणि अडीच मिलिमीटरची तार १५ अँपिअर निवांत वाहते. तीन मीटर तारेत या प्रवाहाला दाबाची घट जेमतेम पाव व्होल्टपर्यंत होते. तार बारीक असती तर तीच घट वाढून आसनाऐवजी तार तापली असती.

इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्यातून तार आत नेताना रबरी ग्रोमेटमधूनच न्यावी. उघड्या पत्र्याची कड ही सुरीच होय; खडबडीत रस्त्यावर ती महिनाभरात तारेचे कातडे सोलते. संपूर्ण तारेवर पन्हाळीदार प्लॅस्टिकची नळी चढविली आणि वीत-वीत अंतरावर नायलॉनच्या पट्ट्यांनी ती बांधली. येथे थंडीचा एक स्वतंत्र अनुभव आला. उणे तापमानात साध्या तारेचे पीव्हीसी कडक होते आणि वाकविले की तडकते. चिकटपट्टीचा गोंद तर धरतच नाही. जेथे तार सतत हलते तेथे मी सिलिकॉनच्या आवरणाची तार वापरली आणि सांध्यांवर चिकटपट्टीऐवजी गरम केल्यावर आकसणारी नळी घातली. तारा नुसत्या पिळून जोडू नयेत; टोकाला तांब्याची थिंबल दाबाच्या पकडीने घट्ट बसवावी व ओढून पाहावी. सुटली तर ती घरी सुटलेली बरी.

आता रिले. हे एक लहानसे चौकोनी खोके असून त्याला चार पाय असतात, आणि पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. हे आकडे मनमानी नाहीत. जर्मनीच्या एका प्रमाणपद्धतीतून ते जगभर पसरले. ३० वर बॅटरीची जाड तार येते, ८७ वरून आसनांकडे जाते. ८६ वर किल्लीने चालू-बंद होणारी बारीक तार आणि ८५ गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला. किल्ली फिरविली की बारीक तारेतून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो, आतील विद्युतचुंबक खटका ओढतो आणि जाड तारेचा मार्ग खुला होतो. कारकुनाच्या सहीने तिजोरी उघडत नाही, पण त्याच्या चिठ्ठीवरून अधिकारी किल्ली लावतो, तसाच हा प्रकार. लायटरची ती जुनी तार मी या चिठ्ठीपुरतीच ठेवली. तिचा आणखी एक लाभ असा की स्टार्टर फिरत असताना ती तेवढ्यापुरती मरते, आणि थंडीने अर्धमेल्या बॅटरीची सगळी ताकद इंजिन फिरविण्यास मिळते. पिवळ्या दिव्यांना त्यांचा स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र रिले दिला. अर्थची तार जोडण्यापूर्वी पत्र्यावरचा रंग खरवडून धातू उघडा केला. रंगावर बोल्ट आवळून ‘अर्थ लागत नाही’ म्हणून कपाळावर हात मारणारे मी एकटाच नसेन.

तारेपेक्षा आसन उघडण्याचे काम मात्र जिकिरीचे. बोल्ट काढून आसन बाहेर आणले आणि बुखारीपाशी, म्हणजे येथील घरगुती शेगडीपाशी, उलटे ठेवले. रेक्झिनचे आवरण फोमच्या कडेने छोट्या लोखंडी कड्यांनी ओढून धरलेले असते. त्या पकडीने कापाव्या लागतात आणि परत बसविताना त्यांच्या जागी नायलॉनच्या पट्ट्या चालतात. पट्टी फोमवर चिकटविण्यासाठी मागे दुहेरी चिकटपट्टी असते, पण फोम थंड असेल तर ती दोन दिवसांत सुटते. म्हणून आधी फोम कोमट करावा. पट्टी सपाट बसावी. आवरण जेथे खोबणीत ओढलेले असते, तेथे पट्टीचा तंतू नसलेला भागच आला पाहिजे. बैठक आणि पाठ यांच्या सांध्यातून पट्टी वळवू नये. आसन पुढे-मागे सरकते, त्यासाठी तारेला वाटोळी ढील ठेवावी आणि आसन दोन्ही टोकांपर्यंत सरकवून ती रुळात चिमटत नाही ना हे खाली वाकून, विजेरीने पाहावे.

जिप्सीच्या बाबतीत एक सोय होती. या गाडीस एअरबॅग नाहीत. अलीकडच्या गाड्यांत आसनाच्या कुशीत एअरबॅग आणि बैठकीखाली माणूस ओळखणारा संवेदक असू शकतो. तशा आसनाचे आवरण घरी उघडू नये, हे मी आग्रहाने सांगेन. ते काम अधिकृत कार्यशाळेचे.

चालकाचे आसन उत्तम जमले. शेजारचे थोडे अरुंद होते आणि पट्टी दोन बोटे रुंद पडत होती. कार्बन तंतू कापण्यास मन धजेना, म्हणून मी तिची एक कड दुमडली. दुमडलेली कड आवरणाखाली दिसत नव्हती. मी तिला विसरूनही गेलो.

फेब्रुवारीत आम्ही टांगत्सेला गेलो. वाटेत चांग ला, ५,३०० मीटरच्याही वरची खिंड. बाहेर वारा कापत होता. पण आम्ही दोघे आयुष्यात प्रथमच त्या घाटात आरामात बसलो होतो. दोन्ही आसने जाताना आणि येताना ‘जास्त’वर. परतल्यावर आचो-ले दार न धरता खाली उतरले. मला धन्य वाटले.

दोन दिवसांनी ते शाखेत आले नाहीत. संध्याकाळी मी घरी गेलो. आचे-ले, म्हणजे त्यांच्या पत्नी, गुरगुर चहाचा पेला पुढे करीत म्हणाल्या की यांच्या मांडीमागे भाजले आहे, फोड आला आहे, आणि डॉक्टरांनी मधुमेहामुळे काळजी घ्यायला सांगितली आहे. आचो-लेंना बारा वर्षे मधुमेह आहे हे मला माहीत होते. त्याचा आसनाशी काही संबंध असेल हे मात्र माझ्या ध्यानातही आले नव्हते. मी ओशाळून म्हणालो, “आचो-ले, गरम लागत होते तर बोलायचे होते.” ते म्हणाले, “सर-ले, लागले असते तर बोललो असतो. लागलेच नाही.”

ती जखम भरण्यास सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मी जे वाचले, ते आसने बसविण्यापूर्वी वाचायला हवे होते. दीर्घकाळच्या मधुमेहात नसा मंदावतात आणि कातडीला उष्णतेची वर्दी देता येत नाही. कंबरेखाली संवेदना नसलेल्या व्यक्तींचीही हीच स्थिती. भाजण्यासाठी उकळते पाणीच लागते असे नाही. हार्वर्डच्या मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की कातडी ६० अंशांना काही सेकंदांत भाजते, आणि ४४ अंशांनाही भाजते. फक्त तिला साधारण सहा तास लागतात. मधल्या प्रत्येक अंशाबरोबर हा अवधी झपाट्याने घटतो. निरोगी मनुष्य त्याआधी चुळबुळ करतो, जागा बदलतो, स्विच बंद करतो. ज्याला कळतच नाही तो बसून राहतो. अमेरिकेत २०११ मध्ये भाजण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि वाहनसुरक्षा अभ्यासकांनी याच कारणासाठी तापणाऱ्या आसनांच्या कमाल तापमानावर निर्बंध मागितले होते. आणि इतके दूर तरी कशाला जावे? झोजी ला ओलांडली की काश्मीर. तेथे फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात, आणि तिच्या वर्षानुवर्षांच्या उबेने पोटावर व मांड्यांवर होणारा कातडीचा कर्करोग १९ व्या शतकापासून वैद्यकशास्त्राला परिचित आहे.

आसन पुन्हा उघडले. दुमडलेल्या कडेच्या रेषेत फोम तपकिरी झाला होता. दुमडल्याने तेवढ्या जागी दुप्पट तंतू आले, दुप्पट उष्णता आली; आणि थर्मोस्टॅट होता पट्टीच्या मध्यावर, जेथे सर्व काही ठीक होते. त्याने आपले काम चोख केले. त्याला जे दिसत नव्हते त्याचा दोष त्याचा नव्हे.

आता मी अरुंद आसनासाठी अरुंद पट्टीच आणली. मग तपासणीची एक साधी रीत ठरविली. माणसाच्या वजनाचे वाळूचे पोते आसनावर ठेवायचे, त्याखाली नऊ ठिकाणी टोकदार तापमापकाचे टोक सारायचे, आणि अर्ध्या तासानंतरचे आकडे वहीत लिहायचे. आसन रिकामे ठेवून हात लावून पाहणे ही तपासणी नव्हे. रिकाम्या आसनाची ऊब हवेत निघून जाते, बसलेल्या माणसाखाली ती कोंडते. चालकाच्या आसनात ‘जास्त’वर सर्वाधिक ४२ अंश आले, ‘कमी’वर ३७. शेजारच्या आसनातील स्विचची ‘जास्त’ची जोडणी मी कायमची काढून टाकली. दोन्ही पट्ट्या मालिकेत, १५ वॅट, बस्स. आणि ते आसन चालू असल्याचा लाल दिवा माझ्यासमोर डॅशबोर्डवर बसविला, कारण ज्याला कळत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याला कळले पाहिजे. मी स्वतः आता ‘जास्त’ पहिली दहा मिनिटेच वापरतो. अंगाखालचे रेक्झिन एकदा तापले की ‘कमी’ पुरेसे असते. मणक्याला हवा असतो तो गारव्यापासून बचाव, भाजणी नव्हे.

कागदपत्रांचा विषय आपल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील अशा फेरफारांना मनाई करते; आसनाखालील पट्टीने तो तपशील बदलत नाही. परंतु विमा कंपनीस मात्र बाहेरून बसविलेल्या विद्युत उपकरणांची माहिती द्यावी व ती पॉलिसीवर नोंदवून घ्यावी. गाडीला आग लागल्यास सर्वेक्षक सर्वप्रथम तारा पाहतो. गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर ती आपल्याइतकीच बँकेकडेही तारण आहे, हे कर्जविभागात बसून मी इतरांना अनेकदा सांगितले होते. माझी स्वतःची जिप्सी नोंदवून घेण्यास मला मात्र धूर निघावा लागला. नवी गाडी हमीकाळात असेल तर मूळ तारा कापल्याने विद्युत भागांच्या हमीवर गदा येऊ शकते, तेही आधी विचारून घ्यावे.

पहिली जळकी तार मी टाकून दिली नाही. शाखेतील माझ्या खणात, स्टेपलरशेजारी, ती अजून आहे. कोणी गाडीत नवे काही बसविण्याचा विषय काढला की मी ती टेबलावर ठेवतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका तरुण सहकाऱ्याने आपल्या गाडीत असाच संच बसविला. दोन रविवार आम्ही तिघे बुखारीपाशी बसलो होतो. तारा त्याने ओढल्या, थिंबल मी दाबल्या, आणि वाळूच्या पोत्याखालचे नऊ आकडे आचो-लेंनी त्यांच्या रोखवहीतील सुवाच्य अक्षरांत लिहून काढले. एक आकडा ४५ आला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि ती पट्टी पुन्हा काढायला लावली.

आजही आम्ही एकत्र जातो. पहाटे मी इंजिन सुरू करतो, लाल दिवा लागतो. आचो-ले दार उघडतात, परंतु लगेच बसत नाहीत. हातमोजा काढून पंजा आसनावर टेकवतात, मनात काही मोजल्यासारखे थांबतात, आणि मग आत बसत म्हणतात, “जुले सर-ले, निघू या.”